एका वॉटचं गाणं

लखनौहून बोलतोय. सैन्यातून निवृत्त झालो आणि इथेच राहिलो. आजचा विषय लढाईचा नाही, घरातल्या अॅम्प्लिफायरचा आहे. पण त्यालाही इतिहास आहे.

१९२६ साली आपल्या पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने याच शहरात मॅरिस कॉलेज सुरू झालं. तेव्हाच्या बैठकीत गळा, तानपुरा आणि श्रोते. विजेचा खर्च शून्य. २ एप्रिल १९३८ला लखनौचं रेडिओ केंद्र सुरू झालं आणि इथलं गाणं व्हॉल्व्हच्या रेडिओतून घराघरांत पोचलं.

व्हॉल्व्ह आधी तापवावा लागतो. त्यातून ‘क्लास ए’ पद्धत असेल, तर गाणं चालू असो वा शांतता, वीज वाहतच राहते. थांबलेल्या ट्रकचं इंजिन चालू ठेवावं तशी. आदर्श गणितातही निम्म्याहून जास्त वीज स्पीकरपर्यंत जात नाही, बाकीची उष्णता होते.

१९४७ साली अमेरिकेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि तापवण्याचा खर्च वाचला. ‘क्लास बी’मध्ये दोन ट्रान्झिस्टर पाळीपाळीने काम करतात; कागदावर कार्यक्षमता ७८ टक्क्यांपर्यंत. ‘क्लास डी’त ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद होतो, म्हणून तापतो कमी. १९६४ साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीने असा संच विकायला काढला, पण तेव्हाचे ट्रान्झिस्टर तेवढे वेगवान नव्हते. पुढे मॉसफेट आले आणि ही पद्धत ९० टक्क्यांच्या आसपास गेली.

आता घरची गोष्ट. आईची नजर गेली आहे; संध्याकाळचं नाट्यसंगीत हाच तिचा विरंगुळा. मी हौसेने जुना क्लास ए अॅम्प्लिफायर घेतला. नुसता चालू ठेवला तरी १५० वॉट! उन्हाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टर लवकर मान टाकायचा आणि आई अंधारात गप्प बसायची. एकदा म्हणाली, “बाळ, तुझं यंत्र मोठं, पण गाणं अर्धंच.”

मग हिशेब मांडला. रोज चार तास धरले तर वर्षाला सुमारे २१९ युनिट. क्लास डीचा छोटा अॅम्प्लिफायर घेतला, तो १० वॉट घेतो. वर्षाला १५ युनिटसुद्धा नाहीत. आता वीज गेली तरी पद पूर्ण होतं.

तुम्ही घ्याल तेव्हा खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. नुसता चालू असताना किती वीज खातो, ते विचारा. स्पीकरची संवेदनशीलता पाहा: ८८ऐवजी ९१ डेसिबलचा घेतलात, तर तेवढ्याच आवाजाला निम्मी शक्ती पुरते. घरच्या खोलीत बहुतेक वेळ एखादा वॉटच गात असतो.

जुना अॅम्प्लिफायर विकला नाही. थंडीत, वीज असताना, कधीतरी लावतो. हौस हौसेच्या जागी, आईचं गाणं आईच्या जागी.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.