डोंगल, ड्रायव्हर आणि तालुक्याच्या गावचे मराठी

कॉम्प्युटरचा ड्रायव्हर अपडेट केला आणि रीतसर विकत घेतलेले सॉफ्टवेअर परवाना नसल्याचे सांगू लागले, की हा इंटरनेटच्या काळातला बिघाड आहे असे वाटते. मराठी टाइपसेटिंगचा इतिहास पाहिला तर तसे दिसत नाही. वापरण्याचा हक्क यंत्राच्या एखाद्या भागाला बांधण्याची पद्धत आपल्याकडे कॉम्प्युटरवर देवनागरी आली तेव्हापासूनची आहे. 1988 साली पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकने आयआयटी कानपूरमधल्या संशोधनातून आलेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे नेले, तेव्हा ही लिपी एका कार्डावर होती. ते कार्ड यंत्रात बसवले तरच पडद्यावर मराठी दिसे. पुढे सी-डॅकचे आयएसएम आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी ही सॉफ्टवेअर आली. कार्ड गेले, पण प्रिंटरच्या पोर्टला लावायचे छोटे कुलूप, म्हणजे डोंगल, आले. लिपी आता सॉफ्टवेअरमध्ये होती, तरी ती उघडायची किल्ली यंत्रालाच लटकत राहिली.

या किल्लीचा खरा भार कोणावर पडला, हे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतसारख्या तालुक्याच्या ठिकाणाहून पाहिले की कळते. हा जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याच सुमारास मराठवाड्याच्या तालुक्यांच्या गावी खिळे जुळवण्याचे काम मागे पडून डीटीपी रुजत होते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, निवडणुकीची पत्रके हे सगळे त्याच एका यंत्रावर. वसमतच्या बाजारात हळदीची आवक वाढते तेच दिवस लग्नसराईचे, म्हणजे कामाची गर्दीही तेव्हाच. डोंगल आणि प्रिंटर एकाच पोर्टवर असल्याने प्रिंटरचा ड्रायव्हर बदलला की कधी कुलूप दिसेनासे होई. पुढे यूएसबीचे डोंगल आले, त्याचाही स्वतंत्र ड्रायव्हर होता. 64 बिटांच्या विंडोजने सही नसलेले ड्रायव्हर नाकारले, तेव्हा अनेक जुनी कुलपे निकामी झाली. पुण्यातला ग्राहक कंपनीच्या दारात जाऊ शकत होता. वसमतहून पुणे चारशे किलोमीटरहून अधिक. जवळचे मोठे शहर नांदेड, आणि तेही कंपनीचे गाव नव्हे. एकाच बिघाडाची किंमत अशी अंतराप्रमाणे वाढत गेली.

यावर रास्त आक्षेप असा, की कुलूप नसते तर या कंपन्या तगल्याच नसत्या. मराठी फाँटची बाजारपेठ लहान होती आणि फ्लॉपीवरून नक्कल करायला मिनिटे पुरत. अक्षरे घडवणाऱ्यांच्या श्रमाला मोल मिळायलाच हवे, आणि त्यांनी कुलूप लावले यात अन्याय नव्हता. माझा मुद्दा कुलपाच्या जागेचा आहे. यंत्राचे भाग बदलणे ही दुरुस्तीची रोजची गोष्ट. त्या भागांवर हक्क टांगला, की प्रामाणिक ग्राहकाची प्रत्येक दुरुस्ती संशयास्पद ठरते. कुलूप मोडलेली प्रत वापरणाऱ्याला मात्र ड्रायव्हरची चिंता उरत नाही.

मायक्रोसॉफ्टने 2001 च्या विंडोज एक्सपीत हीच कल्पना डोंगलशिवाय आणली. हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड, प्रोसेसर अशा दहा बाबींवरून यंत्राची ओळख ठरे आणि ठरावीक मर्यादेपलीकडे बदल झाला की पुन्हा ॲक्टिव्हेशन करावे लागे. पण सॉफ्टवेअरला हे भाग ड्रायव्हरमार्फत दिसतात. नवा ड्रायव्हर त्याच डिस्कची ओळख वेगळ्या शब्दांत देऊ शकतो. म्हणूनच 2007 साली व्हिस्टा वापरणाऱ्यांना डिस्क कंट्रोलरचा नुसता ड्रायव्हर बदलूनही पुन्हा ॲक्टिव्हेशन करावे लागल्याच्या तक्रारी झाल्या. आता परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडता येतो, त्यामुळे त्रास संपला असे कोणी म्हणेल. बराचसा कमी झाला हे खरेच. पण मदरबोर्ड बदलला तर प्रश्न अजून उभा राहतो, आणि नव्या यंत्रासोबत मिळालेला परवाना बहुधा त्या यंत्रापुरताच असतो.

मराठीची सुटका अधिक चांगल्या कुलपामुळे झाली नाही. युनिकोडमुळे देवनागरी थेट विंडोज 2000 मध्ये आली, र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फाँटही तिच्यासोबत आला, आणि अक्षर वाचण्यासाठी किल्ली लागेनाशी झाली. मागे उरल्या त्या जुन्या फाइली. प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी असल्याने त्या फाँटविना उघडल्या तर नुसती रोमन चिन्हे दिसतात. 1990 नंतरच्या दोन दशकांत तालुक्यातालुक्यांत जुळवलेल्या स्मरणिका, गावांचे इतिहास आणि स्थानिक साप्ताहिके त्यांत आहेत. ती युनिकोडमध्ये आणण्याचे काम ज्यांच्याकडे अजून चालू डोंगल आणि त्याचा ड्रायव्हर स्वीकारणारे जुने यंत्र आहे, त्यांच्याच हातून सर्वात सोपे होईल. आणि अशी यंत्रे दरवर्षी भंगारात जात आहेत.