आपत्तीच्या ठिकाणीं राज्यकर्ते

राजानें रात्रीं वेष पालटून नगरांत हिंडावें, प्रजेचें दुःख स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें आणि सकाळीं दरबारांत त्याची दाद लावावी, ही कल्पना लोककथांत फार जुनी आहे. विक्रमाच्या गोष्टींत ती आढळते, बगदादच्या हारून अल् रशीदाच्या गोष्टींतहि आढळते. या कथांतील एक मर्म मात्र श्रोत्यांच्या ध्यानांतून सहसा निसटतें. राजा वेष पालटतो तो गंमत म्हणून नव्हे. राजा म्हणून गेलों तर जें पाहावयाचें तें दिसणारच नाहीं, हें तो पुरतेपणीं जाणतो. डिपोटीसाहेब शाळा तपासावयास येणार अशी वर्दी आली कीं आदल्या दिवशीं भिंती सारवल्या जात, हजेरीपट करकरीत होत, कच्च्या मुलांना घरीं राहण्याची सूचना मिळे. आणि साहेब उत्तम शेरा लिहून परत जात. शाळेंत जें चाले तें रुग्णालयांत, आगीच्या बंबाच्या ठाण्यांत आणि पूरग्रस्तांच्या छावणींतहि चालतें. फरक इतकाच कीं, तेथें शेरा चुकला तर माणूस प्राणास मुकतो.

युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं या वेषांतराच्या नेमकें उलट वळण पडलें. १७९९ सालच्या मार्च महिन्यांत नेपोलियननें जाफा येथील आपल्या प्लेगग्रस्त सैनिकांच्या रुग्णालयास भेट दिली. ही भेट घडली यांत शंका नाहीं. परंतु ती जगाच्या स्मरणांत राहिली ती ग्रो नांवाच्या चित्रकारानें १८०४ सालीं काढलेल्या भव्य चित्रामुळें. त्यांत सेनापति रुग्णाच्या गांठीस निर्भयपणें हात लावीत आहे. त्याच सैन्यानें माघार घेतांना असाध्य रोग्यांना अफू देऊन संपविण्याचा विचार झाला होता, हा आरोप तोंपर्यंत युरोपभर पसरला होता. चित्रानें त्याला परस्पर उत्तर दिलें. त्याच सालीं नेपोलियन सम्राट् झाला. भेट कोणासाठीं, रुग्णासाठीं कीं चित्रासाठीं, हा प्रश्न तेव्हांपासून राज्यकर्त्यांच्या प्रत्येक पाहणीस चिकटला आहे.

महाराष्ट्रावर ही वेळ १८९७ सालीं आली. मुंबईंत १८९६ च्या सप्टेंबरांत प्रकटलेला प्लेग पुण्यास पोंचला, आणि फेब्रुवारींत रँडसाहेबांची तेथें नेमणूक झाली. मार्चपासून गोऱ्या सोजिरांच्या हातून घरोघर झडत्या सुरू झाल्या. शहरांतील पुष्कळ प्रतिष्ठित मंडळी गांव सोडून गेली. टिळक गेले नाहींत. त्यांनीं हिंदूंसाठीं निराळें प्लेगचें रुग्णालय उभें करण्यांत पुढाकार घेतला. शहराबाहेर सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत यांचा दवाखाना चालला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तेथें आल्या, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. ही पाहणी नव्हे. पाहणी आणि सेवा यांमधील सीमारेषाच त्यांनीं पुसून टाकली होती.

या सालांतील सर्वांत बोधप्रद प्रकरण मात्र गोखल्यांचें आहे. ते त्या वेळीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेंत होते. पुण्याहून मित्रांचीं पत्रें गेलीं. त्यांतील मजकुरावर विसंबून त्यांनीं तेथील वृत्तपत्रांत सांगितलें कीं, सोजिरांनीं दोन स्त्रियांवर अत्याचार केला. मायदेशीं परततांच सरकारनें पुरावा मागितला. पत्रें लिहिणारे पुढें येईनात. गोखल्यांनीं बिनशर्त माफी मागितली आणि त्यासाठीं स्वकीयांचे कडू बोल ऐकले. लोकांवर जुलूम झालाच नव्हता, असा याचा अर्थ मुळींच नाहीं. परंतु पांच हजार मैलांवरून, दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहून बोललेलें सत्यहि सिद्ध करितां येत नाहीं, हें त्यांना कळून चुकलें. पुढें प्लेग पुन्हां पुण्यांत आला तेव्हां हेच गोखले स्वयंसेवकांची तुकडी घेऊन गल्लोगल्लीं हिंडले. माफीपेक्षां हें कृत्य मोठें. तथापि शालेय पुस्तकांत माफी येते, हें हिंडणें क्वचितच येतें.

पुण्यांत हें घडत असतां औरंगाबाद निजामाच्या राज्यांत होतें, आणि तेथील सुखदुःखांचा निवाडा हैदराबादेस होई. त्या राजधानीवर २८ सप्टेंबर १९०८ रोजीं मुसा नदी कोसळली. सुमारें पंधरा हजार माणसें बुडालीं. अफझलगंजचें सरकारी रुग्णालय नदीकांठींच होतें; तें रोग्यांसह वाहून गेलें. त्याच्या आवारांतील चिंचेच्या झाडावर चढलेलीं सुमारें दीडशें माणसें तेवढीं वांचलीं, आणि तें झाड पुढें बांधलेल्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारांत लोक अजून दाखवितात. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनीं राजवाड्यांचे दरवाजे बेघर झालेल्यांसाठीं उघडले व मदतकार्यांत स्वतः लक्ष घातलें. त्यांच्या विलासी स्वभावाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पण या प्रसंगांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. पूर ओसरल्यावर डोळे पुसून दरबार थांबला नाहीं. १९०९ सालीं विश्वेश्वरय्यांना पाचारण झालें, आणि त्यांच्या योजनेनुसार वरच्या अंगास १९२० मध्यें उस्मानसागर व १९२७ मध्यें हिमायतसागर हीं धरणें पुरीं झालीं. ज्यानें पूर पाहिला तो निजाम १९११ सालींच वारला होता. त्यानें पाहिलेल्याचें फळ पुढील पिढीनें भोगलें.

हें राज्य १९४८ च्या सप्टेंबरांत संपलें आणि मराठवाडा यथाकाल महाराष्ट्रांत आला. या प्रांतावरील सर्वांत दारुण आघात १९९३ सालचा. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपति पोंचवून लोक मध्यरात्रीं घरीं येऊन झोंपले आणि पहाटे चारला कांहीं मिनिटें असतां लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांची भूमि हादरली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी या गांवांचीं नांवें त्या दिवशीं देशास ठाऊक झालीं. तेथील घरें माळवदाचीं. ओबडधोबड दगड चिखलांत रचून दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, वर लांकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यांत गारवा देणारें हेंच छप्पर त्या पहाटे निजलेल्या माणसांवर आलें. सरकारी गणतीप्रमाणें जवळजवळ आठ हजार लोक मेले. मोठ्या भूकंपाचा हा प्रदेश नव्हे, अशीच तोंवर समजूत होती. त्यामुळें ना लोक सावध होते, ना सरकार.

मुख्यमंत्री शरद पवार विसर्जनाच्या बंदोबस्तामुळें त्या रात्रीं उशिरापर्यंत जागेच होते. ते त्याच सकाळीं भूकंपग्रस्त भागांत दाखल झाले आणि पुढील कित्येक दिवस तेथेंच राहून काम हलवीत राहिले. पाऊस लागला होता, ढिगाऱ्यांखालील प्रेतें कुजूं लागलीं होतीं, घरांच्याच तुळया काढून सामुदायिक दहन चाललें होतें. सैनिक, डॉक्टर आणि गांवोगांवचे तरुण चिखलांत उभे होते. अशांतच दूरदूरचे बघे मोटारींतून येऊं लागले आणि अरुंद रस्ते तुंबले. ज्या वाटेनें रुग्णवाहिका जावयाची, त्या वाटेवर कुतूहल उभें!

या वेळचा एक प्रसंग पवारांनीं पुढें सांगितला. पंतप्रधान नरसिंह रावांना ताबडतोब पाहणीसाठीं यावयाचें होतें. राव मराठवाड्याचे जाणकार होते, मराठी उत्तम बोलत, आणि त्यांच्या कळवळ्याविषयीं शंका घेण्याचें कारण नव्हतें. तरी पवारांनीं त्यांना विनंती केली कीं, दहा दिवस येऊं नये. आपण आलां तर सारी यंत्रणा आपल्याकडे वळेल. रावांनीं तें मानलें.

ही विनंति वरवर उद्धटपणाची वाटेल. पण पंतप्रधान येतात म्हणजे काय होतें तें पाहावें. विमानतळ किंवा हेलिकॉप्टर उतरण्याची जागा सिद्ध करावी लागते. ढिगारा उपसणारे पोलीस वाटेवर दुतर्फा उभे करावे लागतात. जिल्हाधिकाऱ्यानें आंकड्यांचा कागद घेऊन हजर असावें लागतें, आणि तो कागद तयार करण्यांत तहसीलदारांची रात्र जाते. रस्ते मोकळे ठेवावयाचे म्हणून धान्याच्या गाड्या कडेस थांबतात. ज्या दिवशीं मातीखालीं माणूस जिवंत सांपडण्याचा संभव आहे, त्या दिवसाची किंमत या सर्वांहून अधिक आहे. येण्याचें सामर्थ्य असून न येणें, हेंहि राज्यकर्त्याचें कर्तव्य असूं शकतें, हें त्या दोघांनीं ओळखलें. मुख्यमंत्र्याची गोष्ट निराळी. तो पाहुणा म्हणून गेला नव्हता, जागेवर निर्णय देण्यास गेला होता. बावन्न गांवें नव्या जागीं वसविण्याचें काम, जागतिक बँकेचें साह्य, प्रत्येक जिल्ह्यास आपत्तीचा आराखडा, हें सर्व त्यापुढचें.

२०२१ सालच्या जुलैंत कोंकणांत महापूर आला, महाडजवळील तळिये गांवावर दरड कोसळली, आणि पुढाऱ्यांच्या दौऱ्यांची रीघ लागली. तेव्हां पवारांनीं हाच दाखला देऊन ज्यांचा मदतकार्याशीं संबंध नाहीं त्यांनीं दौरे टाळावेत असें जाहीरपणें सांगितलें. तें फारसें कोणीं ऐकलें असें म्हणवत नाहीं. त्याच सालीं जानेवारींत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांच्या कक्षास मध्यरात्रीनंतर आग लागून दहा अर्भकें दगावलीं होतीं. मंत्री तेथें धांवले, मुख्यमंत्रीहि गेले, मातांचें सांत्वन झालें. पाहावयाचें तें मात्र आगीच्या आधींच्या वर्षीं पाहावयाचें होतें.

औरंगाबादेस, ज्याचें नांव २०२३ सालापासून छत्रपति संभाजीनगर झालें, पाणचक्कीच्या बाजूस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे. महाविद्यालय १९५६ सालचें. सरकारी कागदांवर नांव लांबलचक असलें तरी मराठवाडाभर त्याला ‘घाटी’ एवढेंच म्हणतात. खाटा ११७७, दाखल रुग्ण नेहमींच त्याहून अधिक. जालना, बीड, परभणी, बुलढाणा, नगर, सर्व बाजूंनीं रोगी येथें येतात, आणि बहुधा उशिरा येतात. गांवच्या रुग्णालयांत डॉक्टर नसतो, तालुक्याचा डॉक्टर पुढें पाठवितो, खाजगी दवाखान्यांत पैसा संपतो. मग शेवटचें दार घाटीचें.

२०२३ च्या ऑक्टोबराच्या आरंभीं नांदेडच्या शासकीय रुग्णालयांत चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भकें होतीं. लगोलग घाटीचाहि आंकडा बाहेर आला : एका अहोरात्रांत १८. अधिकाऱ्यांनीं त्याची फोड सांगितली. चौघांना मृतावस्थेंतच आणलें होतें. दोन अर्भकें अपुऱ्या दिवसांचीं, वजन तेराशें ग्रॅमच्या आसपास. ही फोड खोटी नव्हती, पण ती पुरेशीहि नव्हती. नांदेडास वैद्यकीय शिक्षणमंत्री हसन मुश्रीफ व त्यांचे एक सहकारी मंत्री गेले. त्याच दिवशीं हिंगोलीचे तत्कालीन खासदारहि तेथें पोंचले. स्वच्छतागृहें घाण दिसलीं म्हणून त्यांनीं रुग्णालयाच्या प्रभारी अधिष्ठात्याच्या हातीं झाडू देऊन तीं साफ करावयास लावलीं. चित्रण देशभर गेलें. खासदारांवर गुन्हा नोंदला गेला, डॉक्टरांच्या संघटना संतापल्या.

स्वच्छतागृहें घाण होतीं, हें या गदारोळांत बाजूस पडलें. घाण होतीं, हें पाहणाऱ्यानें खरेंच पाहिलें होतें. परंतु झाडूवाल्यांच्या किती जागा रिकाम्या, त्या कोणीं भरल्या नाहींत, औषधखरेदीचा पैसा कोठें अडला, या प्रश्नांची उत्तरें अधिष्ठात्याच्या हातांत नव्हतीं; तीं मुंबईंत होतीं. हाताखालच्या माणसाला खालीं वांकविल्यानें तीं वर येत नाहींत. दुसऱ्याच दिवशीं मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन दखल घेतली, आणि खाटा नाहींत, माणसें नाहींत, औषधें नाहींत हीं कारणें सरकारी रुग्णालयानें सांगितलेलीं चालणार नाहींत असें बजावलें. न्यायमूर्ति नांदेडास गेले नव्हते. त्यांनीं कागद मागितले.

घाटीची खरी पाहणी कोणास करावयाचीच असेल तर ती वर्दी न देतां, रात्रीं दोनच्या सुमारास करावी. पुष्पगुच्छ नको, छायाचित्रकार नको. अपघातविभागांत त्या घटकेस किती रोगी आणि किती डॉक्टर, तें मोजावें. निवासी डॉक्टर किती तासांपासून उभा आहे तें त्यालाच विचारावें, आणि तें विचारतांना त्याचा वरिष्ठ जवळ नसावा. नवजात बालकांच्या कक्षांत एका परिचारिकेकडे किती पाळणे आहेत तें पाहावें, व विजेच्या तारा शेवटच्या कोणीं व केव्हां तपासल्या त्याची वही मागावी. मग जिन्यांत पथारी टाकून निजलेल्या नातेवाइकांकडे वळावें. त्यांतील एखादा हातांत चिठ्ठी घेऊन फाटकाबाहेरच्या औषधांच्या दुकानाकडे निघालेला असेल, तर त्याच्याबरोबर दुकानापर्यंत चालत जावें आणि चिठ्ठींतील कोणतें औषध रुग्णालयाच्या भांडारांत नव्हतें, तें नांव लिहून घ्यावें.