अर्ध्या बँडचे अंतर : परदेशी प्रवेशासाठीची इंग्रजी परीक्षा

परदेशी विद्यापीठात प्रवेश घ्यावयाचा असो अथवा ब्रिटनमधील रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू व्हावयाचे असो. पदवी, गुणपत्रिका आणि पैसा यांची जुळवाजुळव झाल्यावरही एक उंबरठा शिल्लक राहतो. तो म्हणजे इंग्रजी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यांना ही परीक्षा निव्वळ उपचार वाटते, तर मराठी माध्यमातून आलेल्यांना ती डोंगराएवढी भासते. दोन्ही समज फसवे आहेत. या परीक्षेत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा प्रकारच नसतो. उमेदवाराची भाषा कोणत्या पायरीवर आहे एवढेच ती सांगते. ती पायरी पुरेशी आहे की नाही, हे विद्यापीठ, व्यावसायिक परिषद अथवा व्हिसा देणारे सरकार ठरवते.

या परीक्षांपैकी जुनी म्हणजे अमेरिकेतील ‘टोफेल’. ती 1964 साली सुरू झाली आणि न्यू जर्सीतील ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ ही संस्था ती घेते. ब्रिटिश परंपरेतील ‘आयईएलटीएस’ 1989 मध्ये आली. ब्रिटिश कौन्सिल, ऑस्ट्रेलियातील ‘आयडीपी’ आणि केंब्रिज विद्यापीठाची परीक्षा संस्था यांची ती संयुक्त मालकीची आहे. भारतात पूर्वी ब्रिटिश कौन्सिल आणि आयडीपी या दोन्ही संस्था ती घेत असत. 2021 मध्ये कौन्सिलचा भारतातील हा व्यवसाय आयडीपीने विकत घेतला.

आयईएलटीएसचे दोन प्रकार आहेत. विद्यापीठीय प्रवेशासाठी ‘ॲकॅडेमिक’ आणि मुख्यतः स्थलांतरासाठी ‘जनरल ट्रेनिंग’. अर्ज भरताना येथेच चूक झाली, तर मिळालेले गुण कितीही चांगले असले तरी निरुपयोगी ठरू शकतात. ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे अशी चार अंगे तपासली जातात. ऐकण्याच्या चाचणीस सुमारे अर्धा तास, वाचन आणि लेखनास प्रत्येकी एक तास आणि बोलण्याच्या मुलाखतीस 11 ते 14 मिनिटे मिळतात. ऐकणे व वाचणे या भागांत प्रत्येकी 40 प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. ॲकॅडेमिक प्रकारात साधारण 23 उत्तरे बरोबर आली तर 6 बँड आणि 30 बरोबर आली तर 7 बँड, असे ढोबळ प्रमाण आहे.

खरी मेख आहे ती बेरजेत. चारही अंगांचे बँड मिळवून सरासरी काढली जाते आणि ती जवळच्या पूर्ण अथवा अर्ध्या बँडपर्यंत नेली जाते. समजा, एखाद्यास ऐकण्यात 7, वाचनात 6.5, लेखनात 5.5 आणि बोलण्यात 6 मिळाले. सरासरी येते 6.25 आणि ती वर नेऊन एकूण गुण होतात 6.5. बोलण्यात 6 ऐवजी 5.5 मिळाले असते तर सरासरी 6.125 येऊन एकूण गुण थेट 6 वर घसरले असते. पण पहिल्या उमेदवारानेही लगेच पेढे वाटू नयेत. ‘एकूण 6.5 आणि कोणत्याही अंगात 6 पेक्षा कमी नको’ अशी अट अनेक विद्यापीठे घालतात. म्हणजे एकूण गुण पुरेसे असूनही लेखनातील 5.5 मुळे प्रवेश अडतो. परीक्षा पुन्हा द्यायची तर शुल्क 15 हजार रुपयांहून अधिक, आणि तोवर सत्र सुरू होण्याची तारीख उलटून गेली की वर्ष हातचे जाते.

संगणकावर परीक्षा देणाऱ्यांसाठी अलीकडच्या काळात एक सवलत आली आहे. चारपैकी कोणतेही एकच अंग 60 दिवसांच्या आत पुन्हा देता येते. मात्र असा निकाल प्रत्येक विद्यापीठ अथवा परिषद स्वीकारतेच असे नाही. पैसे भरण्यापूर्वी त्यांच्याकडे विचारणा केलेली बरी. गुण अन्यायाने कमी मिळाले असे वाटल्यास फेरतपासणीचा मार्गही खुला आहे आणि बँड वाढल्यास त्याचे शुल्क परत मिळते.

लेखन हे भारतीय उमेदवारांचे दुखणे होय. ॲकॅडेमिक प्रकारात पहिल्या प्रश्नात आलेख अथवा तक्त्याचे किमान 150 शब्दांत वर्णन करावयाचे असते, दुसऱ्यात किमान 250 शब्दांचा निबंध. दुसऱ्या प्रश्नाचे वजन पहिल्याच्या दुप्पट असते. तरीही आलेखातील प्रत्येक आकडा टिपण्यात अर्धा तास घालवून निबंध घाईघाईत उरकणारे कमी नाहीत. प्रश्नाला थेट उत्तर दिले आहे काय, विचारांची मांडणी सुसंगत आहे काय, शब्दसंपदा किती आहे आणि व्याकरणाची विविधता व अचूकता कशी आहे, या चार कसोट्यांवर गुण दिले जातात. शिकवणी वर्गांतून पाठ करून घेतलेली ठोकळेबाज वाक्ये येथे कामी येत नाहीत. अशी वाक्ये ओळखण्यास परीक्षक सरावलेले असतात आणि विषयाशी त्यांचा सांधा जुळला नाही की गुण कमी होतात. ‘हमखास सात बँड’ अशा पाट्यांकडे त्यामुळे जरा सावधपणेच पाहावे.

मराठीभाषक उमेदवाराच्या काही अडचणी मातृभाषेतूनच येतात. मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत. त्यामुळे इंग्रजी लिहिताना ती गळतात, नाहीतर नको तेथे बसतात. ‘मला दोन भाऊ आहेत’ या वाक्याचे ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ होते. ‘मी कालच आलो’ मधला ‘च’ इंग्रजीत ‘ओन्ली’ होऊन वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन्हींना आपण एकच ‘व’ वापरतो. यांतील उच्चाराची काळजी मात्र वाजवीपेक्षा अधिक केली जाते. परीक्षकाला उमेदवाराचा स्वर विलायती असावा अशी अपेक्षा नसते. बोललेले सहज कळावे एवढेच पाहिले जाते. ओढूनताणून आणलेल्या अमेरिकी ढंगाने बोलणे उलट दुर्बोध होते. मुलाखतीत दिलेल्या विषयावर एक मिनिट विचार करून दोन मिनिटांपर्यंत सलग बोलावयाचे असते. शाळेत इंग्रजीचे प्रश्नोत्तर पाठ केलेल्या, पण इंग्रजीत दोन मिनिटे कधीच न बोललेल्या विद्यार्थ्याची गाडी येथे अडते.

वाचनातही एक सापळा आहे. दिलेले विधान बरोबर, चूक की ‘उताऱ्यात उल्लेख नाही’, हे ठरवावयाचे असते. हुशार विद्यार्थी स्वतःचे सामान्यज्ञान वापरून उत्तर देतात आणि फसतात. जे उताऱ्यात नाही ते परीक्षेपुरते जगातही नाही, असे मानूनच हे प्रश्न सोडवावे लागतात.

टोफेलमध्ये मुलाखत घेणारी व्यक्ती नसते. संगणकासमोर ध्वनिमुद्रण करावे लागते. 2005 पासून ही परीक्षा इंटरनेटवर घेतली जाते आणि तिचे गुण 120 पैकी दिले जात असत. 2023 मध्ये तिचा कालावधी दोन तासांच्या आत आणला गेला आणि जानेवारी 2026 पासून 1 ते 6 अशी नवी श्रेणी लागू करण्यात आली. त्यामुळे जुनी सराव पुस्तके स्वस्तात मिळतात म्हणून घेण्यात अर्थ नाही. ‘पिअर्सन’ची पीटीई परीक्षा 2009 पासून आहे आणि तिचे गुण 90 पैकी असतात. घरी बसून सुमारे तासाभरात देता येणारी ‘ड्युओलिंगो’ची परीक्षा कोरोनाच्या काळात, 2020 मध्ये, केंद्रे बंद असताना लोकप्रिय झाली. तिचे शुल्क इतरांच्या निम्म्याहून कमी असते. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसासाठी मात्र ती ग्राह्य नाही.

परिचारिका व डॉक्टर यांच्यासाठी ‘ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट’ अर्थात ओईटी हा वेगळा पर्याय आहे. आरोग्यक्षेत्रातील 12 व्यवसायांसाठी ती घेतली जाते. निबंधाऐवजी येथे रुग्णाच्या टिपणांवरून दुसऱ्या डॉक्टरला वा परिचारिकेला पत्र लिहावयाचे असते आणि बोलण्याच्या भागात रुग्ण वा नातेवाईक यांच्याशी संवाद साधावयाचा असतो. वर्षानुवर्षे वॉर्डात काम केलेल्या परिचारिकेस पर्यावरणावरील निबंधापेक्षा हे साहजिकच जवळचे वाटते. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने 2017 मध्ये ही परीक्षा मान्य केली. आयईएलटीएस देणाऱ्या परिचारिकांना वाचन, ऐकणे व बोलणे यांत प्रत्येकी 7 बँड लागतात. लेखनातही पूर्वी 7 ची अट होती. अनुभवी परिचारिका केवळ त्यावर अडत असल्याने 2018 च्या अखेरीस ती 6.5 वर आणण्यात आली. 2023 पासून 12 महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण एकत्र करण्याचीही मुभा आहे. मात्र कोणत्याही परीक्षेत लेखनात 6 पेक्षा आणि इतर अंगांत 6.5 पेक्षा खाली जाता येत नाही. ब्रिटनमध्ये डॉक्टर म्हणून नोंदणी करू इच्छिणाऱ्यांसाठी निकष याहून कडक आहे : एकूण 7.5 आणि प्रत्येक अंगात किमान 7.

देशोदेशीचे नियमही स्थिर नाहीत. ऑस्ट्रेलियाने मार्च 2024 मध्ये विद्यार्थी व्हिसासाठीची अट 5.5 वरून 6 वर नेली. भारतीय विद्यार्थ्यांत लोकप्रिय असलेली कॅनडाची जलद व्हिसा योजना नोव्हेंबर 2024 मध्ये बंद झाली. अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा विशिष्ट परीक्षेची सक्ती करीत नाही. तेथे विद्यापीठाचा शब्द अखेरचा. ब्रिटनमधील काही विद्यापीठे बारावीच्या इंग्रजीतील चांगले गुण ग्राह्य धरून परीक्षेतून सूट देतात. गुणपत्रिका हाताशी असताना ही चौकशी न करताच परीक्षेचे शुल्क भरणारे पुष्कळ असतात.

परीक्षा केंद्रांवरील छायाचित्र, बोटांचे ठसे आणि कडक तपासणी उमेदवारांना जाचक वाटते. त्यामागे इतिहास आहे. 2014 च्या फेब्रुवारीत बीबीसीने ब्रिटनमधील केंद्रांवर ‘टोइक’ या इंग्रजी परीक्षेत तोतये बसवले जात असल्याचे उघड केले. त्यानंतर झालेल्या तपासणीत 2011 ते 2014 दरम्यानच्या 58,458 चाचण्यांपैकी 97 टक्के चाचण्या संशयास्पद ठरवण्यात आल्या. गैरप्रकार झाले यात शंका नव्हती. परंतु त्या ओघात प्रामाणिक विद्यार्थीही भरडले गेले. अनेकांचे व्हिसा रद्द झाले, शिक्षण अर्धवट राहिले आणि स्वतःचे इंग्रजी स्वतःचेच आहे हे सिद्ध करण्यासाठी काहींना वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. त्यांत भारतीयही होते. केंद्राबाहेर ‘गुण मिळवून देतो’ म्हणून भेटणाऱ्या मध्यस्थाची किंमत ही अशी असते.

महाराष्ट्रातील उमेदवारांनी नावाबाबत विशेष दक्ष राहावे. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असा क्रम असतो. पारपत्रात आडनाव व दिलेले नाव असे वेगळे रकाने असतात. विवाहानंतर पारपत्रावर नाव बदललेल्या परिचारिकांचा गोंधळ आणखी वाढतो. आयईएलटीएससाठी भारतात पारपत्र हाच ओळखीचा पुरावा असल्याने अर्जातील नाव पारपत्राबरहुकूमच असावे आणि परीक्षेच्या दिवशी तेच मूळ पारपत्र सोबत न्यावे. छायाप्रत चालत नाही. निकाल साधारणपणे दोन वर्षे ग्राह्य धरला जातो. त्यामुळे प्रवेशाचे सत्र ठरण्याआधीच उत्साहाने परीक्षा देऊन ठेवणाऱ्यांनी ही मुदत दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवावी. प्रवेश लांबला आणि मुदत संपली, तर चारही चाचण्या पुन्हा पहिल्यापासून द्याव्या लागतात.