मोजणी आधी, सुरी नंतर

मुंबईतल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा इतिहास सांगायचा म्हटलं की १९४१ साली परळला सुरू झालेलं टाटा हॉस्पिटल आणि तिथले नामवंत सर्जन आधी आठवतात. पण या रोगातले मृत्यू कमी करण्यात सर्जन मंडळींनी शस्त्रक्रियागृहाबाहेर केलेलं काम अधिक मोलाचं आहे, असं माझं मत आहे. दारात आलेल्या बाईवरच सर्जन उपचार करू शकतो. बोरिवलीची किंवा मुलुंडची कष्टकरी बाई पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागलं तरी दुखणं अंगावर काढते, आणि चार घरची धुणीभांडी सोडून लोकलने परळ गाठेपर्यंत रोग बरेचदा सुरीच्या पलीकडे गेलेला असतो. डॉ. डी. जे. जस्सावाला स्वतः सर्जन. इंडियन कॅन्सर सोसायटीने त्यांच्या पुढाकाराने १९६३ साली मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू केली. हॉस्पिटलच्या रजिस्टरात फक्त आलेल्यांची नावं असतात. या नोंदणीत शहरातला प्रत्येक रहिवासी रुग्ण, मग तो कुठेही उपचार घेवो, मोजायचा होता. अंधेरी-घाटकोपर १९५० साली आणि बोरिवली-मुलुंड १९५७ साली पालिकेच्या हद्दीत आले होते, म्हणून उपनगरांतल्या बायकाही या हिशेबात आल्या.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. मुंबईत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं प्रमाण गेली काही दशकं घटतच आलं आहे आणि तेही सार्वत्रिक तपासणीची मोहीम नसताना; मग उशिरा होणारी लग्नं, कमी बाळंतपणं, घरात आलेलं पाणी यांना श्रेय का देऊ नये? जरूर द्यावं. पण ही घट दिसली तीच मुळी नोंदणीमुळे. शिवाय ज्या बाईला आज रोग झालाय, तिला शहराच्या सरासरीने काय मिळतं? अशाच बायकांसाठी १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि स्तनांच्या कॅन्सरचे सर्जन डॉ. इंद्रनील मित्रा यांनी एक मोठा प्रयोग उभा केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायका, २० वस्त्या. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी तपासणी. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, थोडक्या दिवसांत तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. गर्भाशयाच्या तोंडाला ४ टक्के ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. डाग दिसला की पुढच्या तपासासाठी हॉस्पिटलात. लॅब नको, काचपट्टी नको, रिपोर्टसाठी दुसरी खेप नको. २०१३ साली निकाल आला तेव्हा दोन्हीकडे कॅन्सर जवळजवळ सारखेच निघाले होते, लाखामागे सत्तावीसच्या आसपास. मृत्यू मात्र तपासणीच्या वस्त्यांत ३१ टक्क्यांनी कमी होते. रोग तोच, पण वेळेत सापडलेला. सर्जनच्या सुरीला वेळ मिळवून दिला तो दहावी शिकलेल्या बाईने, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

दुसरा आक्षेप नीतीचा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन प्रयोगशाळेत पाहायची पॅप तपासणी जगात रुजलेली असताना ७६,१७८ बायकांना तुलनेसाठी तपासणीविना का ठेवलं? भारतात गरिबांसाठी नियमित तपासणी नव्हतीच, तेव्हा त्यांचं काही काढून घेतलं नाही, हा बचाव मला पुरता पटत नाही. त्यात सरकारची हयगय हीच मोजपट्टी ठरते. तरीही पॅपसाठी लागणाऱ्या प्रयोगशाळा आणि तज्ज्ञ वस्तीवस्तीला पुरवणं त्या काळी आवाक्यात नव्हतं, आणि स्वस्त पद्धतीने खरोखर जीव वाचतात का, हे तोवर सिद्ध झालेलं नव्हतं. त्या बायकांचं ऋण फेडायचं तर निष्कर्ष अमलात आणायला हवा होता. २०१६ साली केंद्राने तिशीपुढच्या बायकांची दर पाच वर्षांनी याच पद्धतीने तपासणी करण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे जेमतेम दोघींची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी कधी काळी झालेली आढळली.