बंदूक, कॅमेरा आणि खेळ

हिंवाळ्याच्या दिवसांत इंदापूर तालुक्यांतील कुंभारगांवच्या कांठावर पहांटे गेलें, तर उजनीच्या पाण्यावर धुकें पसरलेलें असतें. होडींत बसलेल्या शहरी पाहुण्यांच्या हातांत बंदुकीच्या नळीसारख्या लांब भिंगांचे कॅमेरे असतात. नावाडी हलक्या हातानें होडी पुढें नेतो. दूर उथळ पाण्यांत रोहित पक्ष्यांचा थवा चोंची उलट्या करून चिखलपाणी गाळीत असतो. ठराविक अंतरावर नावाडी थांबतो आणि पाहुणा म्हणतो, "अजून थोडें जवळ घ्या ना!" ही मागणी साधी दिसते, परंतु तिच्यामागें शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे.

कॅमेरा हा बंदुकीचा धाकटा भाऊ होय, असें म्हटल्यास त्यांत अतिशयोक्ति नाहीं. १८८२ सालीं एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानें पक्ष्यांच्या उड्डाणाचा अभ्यास करण्यासाठीं एक यंत्र तयार केलें. त्यास दस्ता होता, नळी होती आणि घोडाहि होता. मात्र घोडा ओढला असतां गोळी सुटत नसे. आंत फिरणाऱ्या कांचेवर एका सेकंदांत बारा चित्रें उमटत. पुढें इंग्लंडांत रिचर्ड व चेरी कीअर्टन या बंधूंनीं पक्ष्यांच्या घरट्यांवरील पुस्तक प्रत्यक्ष रानांत घेतलेल्या छायाचित्रांसह १८९५ सालीं प्रसिद्ध केलें. पांखरें बुजूं नयेत म्हणून पोकळ बैलाच्या कातड्यांत लपून बसण्याची युक्तिहि त्यांनीं योजिली होती. आपल्याकडे वनाधिकारी एफ्. डब्ल्यू. चँपियन यानें वाघाच्या वाटेवर तार लावून ठेविली. तारेस पाय लागतांच प्रकाश चमके आणि वाघ जणूं स्वतःच स्वतःचें चित्र काढून घेई. हीं चित्रें असलेलें त्याचें पुस्तक १९२७ सालीं निघालें.

या मंडळींनीं शिकारींतील रक्त काढून टाकलें. परंतु दबा धरून बसण्याची उत्कंठा, नेम साधण्याचें कौशल्य आणि मिळविलेलें चीज घरीं नेऊन दाखविण्याचा आनंद, हीं तिन्ही सुखें कायम राहिलीं. जेथें अशीं सुखें असतात, तेथें खेळ निर्माण होण्यास वेळ लागत नाहीं. १९९९ सालीं जपानांत निन्टेंडोच्या यंत्रासाठीं 'पोकेमॉन स्नॅप' नांवाचा व्हिडिओ गेम निघाला. त्यांत खेळाडू एका गाडींत बसून काल्पनिक प्राण्यांच्या बेटावर हिंडतो. एका फेरींत साठच चित्रें घेतां येतात. फेरी संपली कीं एक वृद्ध प्राध्यापक एखाद्या परीक्षकाप्रमाणें त्यांस गुण देतो. प्राणी चौकटींत मोठा दिसावा, त्याचा आविर्भाव दुर्मिळ असावा आणि तो मध्यभागीं यावा. मध्यभागीं आला तर गुण दुप्पट! याच जातीचा 'आफ्रिका' हा खेळ २००८ सालीं आला. २०२० सालच्या 'अल्बा' या खेळांत तर एक लहान मुलगी बेटावरील पशुपक्ष्यांचीं चित्रें टिपीत हिंडते आणि तेथील राखीव रान वांचविण्यासाठीं गांवकऱ्यांच्या सह्या गोळा करिते.

आपल्या घरांतून मुलें असे खेळ खेळतात, तेव्हां तीं काय शिकतात, हा प्रश्न कुंभारगांवच्या होडीपाशीं खरा होतो. 'पोकेमॉन स्नॅप'मध्यें प्राण्याकडे सफरचंद फेंकून त्यास जवळ आणतां येतें, एक त्रासदायक गोळा मारून त्यास बिळाबाहेर काढतां येतें. पडद्यावरील प्राण्याचें त्यानें कांहीं बिघडत नाहीं; पुढच्या फेरीस तो जागच्या जागीं हजर असतो. इंदापूर-बारामतीच्या माळावरील प्राणी मात्र असा पुन्हां हजर होईलच, याची शाश्वति नसते. लांडग्याच्या बिळापाशीं माणसांची वर्दळ वाढली, तर मादी पिलें तोंडांत धरून दुसरीकडे हलविते. मोटारीनें पिटाळलेल्या चिंकाऱ्याची शक्ति ऐन उन्हाळ्यांत व्यर्थ खर्ची पडते. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीची व्याख्या करितांना केवळ ठार मारणेंच धरलेलें नाहीं. वन्य प्राण्यास पिटाळणें, त्यास आमिष दाखविणें, पक्ष्यांचीं घरटीं विसकटणें, याहि गोष्टी तींत येतात. म्हणजे हातांत बंदूक नसली, तरी माणूस शिकारी ठरूं शकतो.

हा केवळ प्राण्यांचाच प्रश्न नाहीं. भीमेवरील उजनी धरण १९८० च्या सुमारास पुरें झालें, तेव्हां कांठचीं गांवें आणि काळीं शेतें पाण्याखालीं गेलीं. पळसदेवच्या जुन्या मंदिराचें शिखर पाणी ओसरलें म्हणजे आजहि वर दिसतें. त्याच पाण्याच्या उथळ कांठीं पुढें पक्षी उतरूं लागले, आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील तरुण भिगवण परिसरांत पक्षी दाखविणारे वाटाडे झाले. नावाडी एका पाहुण्याच्या हट्टाखातर जवळ गेला, तर त्या दिवशीं चार पैसे अधिक मिळतील. परंतु थवे वारंवार उठूं लागले आणि पक्ष्यांनीं ती जागा सोडली, तर पुढच्या हिंवाळ्यांत होडी रिकामी राहील. ठराविक अंतरावर थांबणाऱ्या त्या वल्ह्यांत दया आहेच, पण घरच्या चुलीची काळजीहि आहे.

बारामती तालुक्यांतील सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठीं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ सालीं जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें पांच चौरस किलोमीटर, म्हणजे फार थोडें. अलीकडे इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडी व बारामती तालुक्यांतील शिरसुफळ येथील गवताळ माळांवर वनखात्यानें नेमलेल्या मार्गांनीं सफरी सुरू केल्या आहेत. येथें एक मौजेची गोष्ट ध्यानांत येते. त्या जपानी खेळांतील गाडीहि ठरलेल्या वाटेनेंच जाते; खेळाडूस खालीं उतरतां येत नाहीं, वाट सोडतां येत नाहीं. खेळणाऱ्या मुलांस हा नियम जाचक वाटत असेल. परंतु आपल्या माळरानास त्या खेळांतून कांहीं घेण्यासारखें असेल, तर तें सफरचंद नव्हे, ती वाट होय.

यास्तव मुलांच्या हातून तो खेळ हिसकावून घेण्याचें कारण नाहीं. टक लावून पाहणें, वाट पाहणें, एकाच प्राण्याच्या निरनिराळ्या लकबी ओळखणें, एवढें तो निश्चित शिकवितो. उरलेला धडा कुंभारगांवच्या कांठीं मिळतो. तेथें नावाडी वल्हें थांबवील, तेव्हां पालकांनीं "अजून थोडें जवळ" असें म्हणूं नये. दूरच्या थव्याचें चित्र लहान आलें, तरी चालेल. प्राध्यापक त्यास थोडे गुण देईल. थवा मात्र पाण्यावरच राहील.