दंड सागाचा, शिक्षा राजाला

१६ एप्रिल १८८६. तुम्ही रत्नागिरीच्या बंदरात उभे आहात. ऊन मी म्हणतंय. मुंबईला निघालेल्या मचव्यांत आंब्याच्या करंड्या चढताहेत, पण हमालांच्या माना समुद्राकडे वळलेल्या. 'क्लाइव्ह' नावाची सरकारी आगबोट आली आहे. तिच्यातून सत्तावीस वर्षांचा एक तरुण उतरतो. त्याच्यामागे राण्या, दोन लहान मुली आणि मार्चमध्ये मद्रासेत जन्मलेली तिसरी, तान्ही. साडेचार महिन्यांपूर्वी हा थिबा ब्रह्मदेशाच्या गादीवर होता.

रत्नागिरीच का, ते सोपं आहे. इथे रेल्वे नाही, आणि पावसाळा लागला की आगबोटी बंद. राजाला ठेवायला अशी अडचणीची जागा सरकारला दुसरी कुठे मिळणार? पण त्याला पदच्युतच का केलं? शेजारच्या माणसाला विचाराल तर तो सांगेल, लढाईत हरला म्हणून. ते खरंच आहे. तरीही ही लढाई कुणाला हवी होती, हे कळायचं तर तुम्हाला आणखी मागे जावं लागेल.

चला, १८८५ च्या ऑगस्टमध्ये. मंडाले. राजदरबारात, म्हणजे ह्लुत्तॉमध्ये, एका कंपनीचा खटला चालू आहे. कंपनीचं नाव बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. १८६३ साली वॉलेस बंधूंनी काढलेली, मुंबईत नोंदलेली, भागधारक मुंबई-लंडनचे. निंग्यानच्या जंगलातला साग तोडायचा आणि ओंडक्यामागे राजाला रॉयल्टी द्यायची, असा करार. दरबाराचं म्हणणं असं की कंपनीने प्रत्यक्षात नेलेले ओंडके कितीतरी जास्त, आणि पैसे भरले ते थोड्याच ओंडक्यांचे. शिवाय राजाच्या अधिकाऱ्यांचे हात ओले करून हे चाललं. निकाल लागतो: सुमारे २३ लाख रुपये दंड. कंपनीला तो अमान्य आहे. इंग्रज सरकार म्हणतं, प्रकरण लवादाकडे द्या. दरबार म्हणतो, आमच्या जंगलाचा न्याय आम्हीच करू.

इथवर हा साधा व्यापारी तंटा आहे. दोन्ही बाजूंनी कागद आहेत, वकील आहेत, घासाघीस करून तो मिटलाही असता.

आता मंडालेतच इटलीच्या वकिलाच्या घरी चला. हे आंद्रेइनो. वकिलात इटलीची, पण हेच गृहस्थ बॉम्बे बर्माचे मंडालेतले एजंट आहेत आणि इरावती फ्लोटिला कंपनीचेही. एक कंपनी लाकूड काढते, दुसरीच्या आगबोटी नदीवर चालतात, आणि दोघींचा माणूस राजनैतिक प्रतिष्ठा घेऊन दरबारात वावरतो. राजाच्या फ्रेंचांशी चाललेल्या व्यवहाराचे कागद आंद्रेइनोंच्या हाती लागतात आणि त्यांच्यामार्फत इंग्रजांपर्यंत पोचतात. सरकारला शत्रूच्या मनातलं जे काही कळतं, त्यातलं महत्त्वाचं काही अशा माणसाच्या वाटेने येतं, ज्याच्या मालकांचा त्या शत्रूशी लाखोंचा वाद चालू आहे. सगळ्या प्रकरणाचा कणा मला हाच वाटतो.

इंग्रजांना वाटणारी फ्रेंचांची भीती अगदी हवेतली नव्हती. जानेवारी १८८५ मध्ये फ्रान्सशी व्यापारी तह झाला होता, फ्रेंच बँक आणि रेल्वे यांच्या वाटाघाटीही चालू होत्या. पण पंतप्रधान फेरी यांचं मंत्रिमंडळ टॉन्किनच्या, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या, प्रकरणात मार्चमध्येच कोसळलं, आणि शरद ऋतूपर्यंत पॅरिसचा उत्साह ओसरला होता. भीतीचं कारण कमी झालं, तिचा गवगवा मात्र वाढत गेला.

हा गवगवा नवा नव्हता. ऑक्टोबर १८८४ मध्येच इंग्रजांच्या ताब्यातल्या रंगूनच्या व्यापाऱ्यांनी जाहीर सभा घेऊन उत्तर ब्रह्मदेश, म्हणजे थिबाचं राज्य, खालसा करा अशी मागणी केली होती. निमित्त मंडालेच्या तुरुंगातल्या कत्तलीचं. कत्तल खरी होती. १८७९ साली गादीच्या स्पर्धेपायी राजाच्या नातलगांचं हत्याकांड झालं, तेही खरंच. या राजवटीला निष्पाप म्हणण्याचं काही कारण नाही. पण लंडनच्या वर्तमानपत्रांत जो थिबा उभा राहिला, तो रक्तपिपासू आणि दारूत बुडालेला. विहारात राहून पाली ग्रंथांची वरची परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण त्या रकान्यांत सापडत नाही. आणि त्या रक्ताचा कळवळा ज्यांना आला, त्यांच्याच अर्जांत पुढे चीनपर्यंतच्या व्यापारी वाटेचा विषय निघतो.

पुढचा मुक्काम लंडन, ऑक्टोबर-नोव्हेंबर १८८५. निवडणुकीचे दिवस. भारतमंत्री आहेत लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल, विन्स्टन चर्चिल यांचे वडील. स्वतः बर्मिंगहॅममधून उभे. ज्या शहरांत कापड आणि लोखंड बनतं, तिथल्या मतांना नव्या बाजारपेठेचं आकर्षण आहे. व्यापारी मंडळांची निवेदनं भारतमंत्र्यांच्या टेबलावर येतात. ही माणसं मंत्र्यांना आपली वाटतात, त्यांची भाषा कळते, त्यांचे आकडे पटतात.

याच दिवसांत याच देशात नारायण गणेश चंदावरकर आहेत. 'इंदुप्रकाश'च्या इंग्रजी विभागाचे संपादक, वय जेमतेम तीस. मुंबईहून ते, बंगालचे मनमोहन घोष आणि मद्रासचे रामस्वामी मुदलियार असे तिघे हिंदुस्थानची बाजू मतदारांपुढे मांडायला आले आहेत. सभांमागून सभा घेतात. तुम्ही मागच्या बाकावर बसून ऐका. टाळ्या पडतात, लोक हस्तांदोलन करतात. त्यांनाही आपलं म्हणणं विलायतेच्या कानावर घालायचं आहे, व्यापाऱ्यांनाही. व्यापाऱ्यांना मंत्र्यांचं दार उघडं आहे. चंदावरकरांना सभागृह मिळतं.

२२ ऑक्टोबरला निर्वाणीचा खलिता सुटतो. कंपनीचा तंटा आमच्या वकिलासमोर सोडवा, तो वकील मंडालेत कायम राहील, परराष्ट्र संबंध आमच्या सल्ल्याने ठेवा, चीनच्या व्यापाराला वाट द्या. मुदत १० नोव्हेंबर. लाकडाच्या दंडावरून सुरू झालेला कागद राज्याच्या स्वातंत्र्यावर येऊन थांबतो. सैन्य इरावतीतून वर चढतं ते इरावती फ्लोटिलाच्याच आगबोटींतून. २८ नोव्हेंबरला मंडाले पडतं, तेव्हा इंग्लंडात मतदान चालू आहे.

महिन्याने मुंबईत गवालिया टँकजवळ, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत शिरा. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, ७२ प्रतिनिधी. फिरोजशहा मेहता ठराव मांडतात: उत्तर ब्रह्मदेश खालसा करणं अनिष्ट आहे, आणि करायचाच असेल तर सगळाच ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून तोडून वेगळी वसाहत म्हणून ठेवा. १ जानेवारी १८८६ ला खालसा झाल्याचा जाहीरनामा निघतो. लढाईचा आणि पुढच्या कित्येक वर्षांच्या बंदोबस्ताचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडतो. कोकणातल्या ज्या कुळाने कधी सागाचा ओंडकाही पाहिला नसेल, त्याच्या शेतसाऱ्यातून तो खर्च वसूल झाला. या एका गोष्टीचा मला आजही संताप येतो.

दंड काही भरला गेला नाही. जंगलं कंपनीकडेच राहिली आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत ती ब्रह्मदेशातल्या सागाची सर्वांत मोठी व्यापारी होती. कंपनी आजही आहे, मुंबईत, वाडिया समूहाच्या मालकीची. ब्रिटानिया बिस्किटांत तिचा मोठा हिस्सा आहे. आजच्या मालकांचा १८८५ शी संबंध नाही, पण नाव तेच आहे.

आता रत्नागिरीत परत या, १९१० च्या अखेरीस. भाट्याच्या खाडीकडे पाहणाऱ्या टेकाडावर लाल जांभ्याचा तीन मजली महाल उभा राहिला आहे. चोवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यांत काढल्यावर राजा त्यात राहायला आला आहे. (रत्नागिरीत जन्मलेले टिळक या वेळी मंडालेच्या तुरुंगात आहेत.) राजाच्या मेजावरचा कागद वाचा. तो अर्ज आहे. तनखा वाढवा, मुलींच्या लग्नांचं बघा, मला मायदेशी जाऊ द्या. असे अर्ज त्याने व्हाइसरॉयना वर्षानुवर्षं लिहिले. प्रत्येक अर्ज आधी देखरेखीवरच्या अधिकाऱ्याकडे, मग वर मुंबई सरकारकडे, मग पुढे. महिने जातात. उत्तर येतं ते बहुधा नकाराचं, किंवा दागिने विकूनही कर्ज का केलंत अशा विचारणेचं.

डिसेंबर १९१६ मध्ये थिबा राजा वारला. राणी सुपयालात हिने शेवटचा मोठा अर्ज केला: देह मंडालेला नेऊ द्या. सरकारला ब्रह्मदेशात गडबड होण्याची धास्ती होती. शवपेटी दोन वर्षांहून अधिक काळ महालाच्या आवारात राहिली, आणि मार्च १९१९ मध्ये रत्नागिरीतच दफन झालं. त्याच वर्षी राणीला परतायची परवानगी मिळाली, पण रंगूनपर्यंतच. मंडालेला जाण्याची तिला मुभा नव्हती.