लाल नाकाची बदनामी

माझे मोठे मामू रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात प्राथमिक शिक्षक होते. पाच वक्तांची नमाज, शाळा आणि गरम चहा, एवढंच त्यांचं जग. रंगाने ते गोरे. पन्नाशी उलटली आणि त्यांचे गाल लाल दिसू लागले. पुढे लाली नाकावर चढली, नाकाची कातडी जाड झाली, शेंडा फुगला. ही १९८०च्या दशकातली गोष्ट. मी शाळकरी होतो. एका लग्नात मांडवाच्या मागे दोन पोरं बोलताना मी ऐकली, "मास्तर रात्रीची घेत असणार. नाक बघ ना!"

ज्या माणसाने जन्मात दारूला हात लावला नाही, त्याच्याबद्दल हे बोलणं. घरी येऊन मी अम्मीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मामूंच्या कानावर घालू नकोस." पण ते त्यांच्या कानावर केव्हाच गेलं असावं. कारण मशिदीत पहिल्या रांगेत उभे राहणारे मामू तोवर शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहू लागले होते.

मामू गेले तेव्हाही त्या लालीचं नाव आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. मला ते कळलं माझ्या पन्नाशीत, माझेच गाल लाल होऊन जळजळू लागले तेव्हा. त्या आजाराला रोझेशिया म्हणतात. मित्रहो, आज मला या आजाराची जुनी कहाणी सांगायची आहे. ती जितकी कातडीची आहे, तितकीच बघणाऱ्यांच्या नजरेची आहे.

नावापासून सुरुवात करू. रोझेशिया म्हणजे गुलाबासारखं. चौदाव्या शतकातल्या गी द शोलियाक या फ्रेंच शल्यवैद्याने चेहऱ्यावरच्या या लालीची नोंद केली आहे. फ्रेंच लोक तिला 'गुलाबी थेंब' म्हणत. गालाला गुलाबाची उपमा देणं हे आम्हा कवींचं काम, पण इथे वैद्यानेही तीच उपमा दिली.

समाज मात्र इतका हळवा नव्हता. त्याच शतकात इंग्लंडमध्ये चॉसरने 'कँटरबरी टेल्स' लिहिलं. त्यात धर्मपीठाच्या न्यायालयाचे समन्स बजावणारा एक माणूस आहे. त्याचा चेहरा लालभडक, पुटकुळ्यांनी भरलेला, मुलं त्याला पाहून घाबरतात. पारा, गंधक, मुर्दाडशिंग, टाकणखार, सफेदा, कशानेही त्याला गुण येत नाही. हा माणूस लाचखाऊ, लंपट आणि दारूचा शौकीन दाखवला आहे. म्हणजे चेहरा बिघडलेला आणि चारित्र्यही बिघडलेलं. पुढे दोनशे वर्षांनी शेक्सपिअरच्या नाटकांत बार्डोल्फ आला. त्याचं लाल नाक फॉल्स्टाफला दिव्यासारखं वाटतं, आणि त्यावरून तो त्याची मनसोक्त टर उडवतो. प्रेक्षक हसले, आजही हसतात. लाल नाक म्हणजे दारुडा, हे समीकरण रंगभूमीने पक्कं केलं. आपल्या मांडवामागची पोरंही नकळत तेच वाचत होती.

या सगळ्यात एक चित्र वेगळं आहे. फ्लॉरेन्सच्या दोमेनिको गिरलांदायो या चित्रकाराने सुमारे १४९० साली ते काढलं. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. एक म्हातारा आणि त्याचा लहानगा नातू. म्हाताऱ्याचं नाक गाठीगाठींनी फुगलेलं आहे. रोझेशिया वाढत गेला की काहींचं, विशेषतः पुरुषांचं, नाक असं होतं. चित्रकाराने एकही गाठ लपवलेली नाही. पण तो पोरगा आजोबांच्या छातीवर हात ठेवून वर बघतो आहे, आणि त्याच्या नजरेत किळस नाही की भीती नाही. चेहऱ्यावरून माणसाची पारख करण्याच्या त्या काळात एका चित्रकाराने म्हटलं, थांबा, या माणसाकडे नीट बघा.

वैद्यकाने नीट बघायला बराच वेळ घेतला. १८१३ साली लंडनच्या थॉमस बेटमन यांनी त्वचारोगांवरच्या आपल्या ग्रंथात या लालीची गणना मुरुमांच्या एका प्रकारात केली. मुरुम हा वेगळा आजार आणि हा वेगळा, हे नंतर कळलं. व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४५ साली फुगलेल्या नाकाला 'रायनोफायमा' हे नाव दिलं. दरम्यान १८४२ साली बर्लिनच्या गुस्ताव्ह सायमन यांनी माणसाच्या चेहऱ्यावर राहणारा एक सूक्ष्म जीव वर्णन केला होता. डोळ्यांना न दिसणारा हा किडा केसांच्या मुळांशी राहतो. तो बहुतेक प्रौढांच्या चेहऱ्यावर असतो, पण रोझेशियाच्या रुग्णांत त्याची संख्या अधिक आढळते.

नाव मिळालं तरी लाज गेली नाही. अमेरिकेतले बलाढ्य बँकर जे. पी. मॉर्गन यांचं नाक असंच होतं. रेल्वे आणि पोलाद मुठीत ठेवणारा हा माणूस कॅमेऱ्याला मात्र नाखूश असे. त्यांच्या छायाचित्रांत नाकावर हात फिरवून ते सुधारलं जाई. १९०३ साली एडवर्ड स्टायकेन या तरुण छायाचित्रकाराने त्यांचं जे प्रसिद्ध छायाचित्र काढलं, त्यातली त्यांची रोखलेली नजर अंगावर येते. जगाला धाक दाखवणाऱ्यालाही स्वतःच्या नाकाची लाज वाटत होती, तर आमच्या मास्तरांची काय कथा!

उपचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाती आले. आधी टेट्रासायक्लिन गटातल्या गोळ्यांनी पुटकुळ्या कमी होतात हे ध्यानात आलं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मेट्रोनिडाझोलचं चेहऱ्याला लावायचं औषध आलं. मामू मागच्या रांगेत उभे राहत होते ते हेच दशक. २०१४ साली आयव्हरमेक्टिनच्या मलमाला तिथे मान्यता मिळाली. हे औषध आधी आफ्रिकेतल्या 'नदीकाठच्या अंधत्वा'वर वापरलं जात होतं, आणि त्याच्या शोधाबद्दल २०१५ साली सातोशी ओमुरा व विल्यम कँपबेल यांना नोबेल मिळालं. फुटलेल्या केशवाहिन्यांसाठी आज लेझर आहे, आणि वाढलेलं नाक शस्त्रक्रियेने पुन्हा आकारात आणता येतं. आजार मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो.

मग आपल्याकडे तो ओळखला का जात नाही? कारण पुस्तकातली वर्णनं गोऱ्या युरोपीय चेहऱ्यांवरून लिहिलेली आहेत. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली लाल दिसतच नाही. ती तपकिरी, जांभळट दिसते, किंवा चेहरा नुसता तापल्यासारखा वाटतो. म्हणून रंगापेक्षा इतर खुणांकडे लक्ष द्यावं. गाल, नाक, कपाळ, हनुवटी यांवर वारंवार चढणारी ऊब, साबण लावला तरी होणारी जळजळ, काळे ठिपके नसलेल्या पुटकुळ्या, जाड होत जाणारी कातडी. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपणं, पापण्यांच्या कडा सुजणं हेही त्याचंच लक्षण असू शकतं, कधी कधी तर तेच पहिलं. तिथे हयगय नको, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं. लालीबरोबर सांधे दुखत असतील, तोंड येत असेल, तर आजार दुसराही असू शकतो. उतारवयात रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही चेहरा लाल होतो. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं.

माझी चूक सांगतो. मी आधी डॉक्टरांकडे गेलो नाही. एका औषध दुकानातून ट्यूब आणली. आठ दिवसांत चेहरा लख्ख झाला. ट्यूब बंद करताच दुप्पट लाल. पुन्हा लावली, पुन्हा तेच. त्यात स्टेरॉइड होतं. गोरेपणासाठी, डागांसाठी, अशी मलमं आपल्याकडे वर्षानुवर्षं सर्रास चोळली गेली, आणि त्यांनी अनेकांचे चेहरे रोझेशियासारखे करून ठेवले. २०१८ साली केंद्र सरकारने अशी कित्येक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली. पण मैत्रिणीची किंवा शेजाऱ्याची ट्यूब कोण अडवणार?

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी माझी ट्यूब बंद केली, औषध दिलं आणि सवयी विचारल्या. उन्हात टोपी किंवा छत्री आणि सनस्क्रीन. चहा चालेल, पण कोमट करून. ठेचा, चुलीची धग, फार गरम पाण्याची आंघोळ यांपैकी कशाने चेहरा पेटतो ते रोज वहीत लिहायचं, कारण प्रत्येकाचं कारण निराळं. चेहरा घासायचा नाही, सौम्य साबणाने धुवायचा. दारूने लाली वाढते हे खरं आहे, त्या म्हणाल्या, पण लाली आहे म्हणजे दारू आहे, हे साफ खोटं.

हे वाक्य ऐकून मी दवाखान्यात थोडा वेळ गप्प बसलो. कारण एक गोष्ट मी अम्मीलाही सांगितली नव्हती. त्या लग्नानंतर एकदा मामू मला गणित शिकवत होते, आणि मी वहीवर वाकायचं निमित्त करून त्यांच्या तोंडाचा वास घेतला होता. चहाचा वास आला. मामूंनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत, आणि पुढचं गणित घातलं.

लूव्रमधल्या चित्रातला तो नातू माझ्याच तेव्हाच्या वयाच्या आसपासचा असेल, कदाचित लहानच. त्याला जे जमलं ते मला जमलं नाही. तुमच्या घरात, शेजारी कोणाचं नाक लाल होत असेल, तर वास घेऊ नका. त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि त्यांना पहिल्या रांगेत उभं राहू द्या.